हरोळीच्या घरट्यातली फुलवात

सगळ्यांत आधी आल्या त्या कुसुमताई. गाडीतून बॅगा पुरत्या उतरल्याही नव्हत्या, आमचा संजय अजून डिकीत डोकं घालून उभा होता आणि या गॅरेजच्या दारात हजर. हातात मेथीच्या वड्यांचा डबा.

"दिसलं ना जी तुमचं ते रंगीत कबूतर?"

त्यांच्या मागोमाग नलिनीताई आल्या. त्या पुण्याच्या, त्यामुळे त्यांनी आधी कुसुमताईंना सुधारलं. "कबूतर नव्हे हो, पारव्यातली जात आहे ती. आणि बसू तरी द्या त्यांना."

आम्ही तिघी इथे अमेरिकेत, कॅरी गावात, चार घरांच्या अंतरात राहतो. तिघींची मुलं कॉम्प्युटरवाली, तिघींच्या सुना कामावर, त्यामुळे दुपार आमची. त्या दिवशी चहा दोनदा झाला. मी रस्ता सांगितला, डोंगर सांगितले, पक्ष्याचे रंग तर असे सांगितले की कुसुमताईंनी वडी तोंडाशी धरली ती तशीच राहिली.

"आणि अंडं?" नलिनीताईंनी विचारलं.

"पाहिलं की. मोठ्या बोराएवढं, पांढरंशुभ्र."

"पिल्लू कधी बाहेर येणार?"

"येईल आता," मी म्हणाले.

तेव्हा ते अंडं थंड पडून दोन दिवस झाले होते. मला ते ठाऊक होतं, आणि कशामुळे तेही ठाऊक होतं.

कुसुमताईंनी त्याच संध्याकाळी अ‍ॅशबर्नच्या बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. बहिणीनं ईडन प्रेरीला आपल्या विहीणबाईंना सांगितलं. आठ दिवसांनी कुणी एक बाई, मी त्यांना जन्मात पाहिलेलं नाही, मला फोन करून विचारतात, आजी, पिल्लू आलं का हो? मी म्हणाले, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला. म्हणून हे लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. मी वहीत लिहिते, सून मेघना टाइप करून आपल्या आज्यांच्या ब्लॉगवर टाकते. तिला बजावलंय, काना-मात्रा सुधार, पण मजकुराला हात लावू नकोस.

तर पहिल्यापासून सांगते.

माझी नात इरा चोवीस वर्षांची आहे. जन्म इथलाच. तिच्या बापाला वाटायचं पोरगी कॉम्प्युटर करेल, तिनं पक्षी धरले. टेनेसीतल्या एका शहरात प्राण्यांची मोठी बाग आहे, तिथे ती पक्ष्यांचं बघते. नाव लिहायचं नाही असं तिनं सांगितलंय. तिची नोकरी अजून कच्ची. या उन्हाळ्याचं काम बघून पक्की करायची की नाही ते ठरणार होतं. म्हणून मी पाडव्याला लक्ष वातींचा संकल्प सोडला होता. एक लाख फुलवाती, स्वतःच्या हातानं, दिवाळीपर्यंत. इराची नोकरी पक्की होऊ दे एवढंच मागणं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याचंच झालं सगळं.

जुलैत एका रात्री जेवताना तिचा फोन आला. "आजी, we have an egg!" ओरडत होती. मला वाटलं जेवायला अंडं केलंय. मेघनानं समजावलं. इराच्या ताब्यात एक खोली दिली होती, तिथे एक जोडी होती, त्या जोडीनं पहिल्यांदाच अंडं घातलं होतं. हे पक्षी मूळचे पार तिकडच्या गरम बेटांवरचे. बेटं अमेरिकेचीच, पण विमानं बदलत बदलत जावं लागतं इतकी लांब. तिथे शेजारच्या एका बेटावर बाहेरून साप शिरला आणि त्यानं अंडी-पिल्लं खाऊन झाडं मुकी करून टाकली. उरलेल्या बेटांवर तसं होऊ नये, आणि झालंच तर बीज शिल्लक राहावं, म्हणून इथल्या बागांमध्ये थोड्या जोड्या सांभाळतात.

"आजी, तू ये ना बघायला," इरा म्हणाली. संजयनं शुक्रवारची रजा टाकली. झालं.

रस्ता अगदी सोपा आहे. आय-फोर्टी हायवेला लागायचं आणि पश्चिमेकडे जात राहायचं. थांबत थांबत सात तास धरा. आम्ही पहाटे पाचला निघालो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही न्यायचं नाही, ते डिकीत नासतं, आणि चहाचा थर्मास. बाथरूमसाठी रस्त्याकडेला सरकारी थांबे आहेत, स्वच्छ असतात, बाकंही असतात. आमच्या बाकाशेजारी एक गोरे आजोबा कुत्रं घेऊन बसले होते, त्यांना दशमी दिली. त्यांनी अर्धी कुत्र्याला दिली. मला राग आला, पण कुत्र्यानं इतक्या आवडीनं खाल्ली की गेला.

गाडीत माझं काम चालूच. मांडीवर कापसाची पिशवी, छोट्या डबीत बोट बुडवायला दूध. कापूस पिंजायचा, चिमूट धरायची, वर शेंडी वळायची. संजय म्हणाला, "आई, सीटवर कापूस उडतोय." मी म्हणाले, "तुझ्याच पोरीसाठी उडतोय." मेघना हसली.

अ‍ॅशव्हिलच्या अलीकडे चढण लागते, कान बंद होतात, बडीशेप तोंडात ठेवा. पुढे डोंगराची घळ आहे. मागे पुरात तिथला रस्ता वाहून गेला होता, त्यामुळे एकेका लेननं हळूहळू जावं लागतं. घाई असेल तर तासभर जास्तीचा धरा. मला मात्र ते बरं वाटलं, खाली नदी बघता आली. संजयनं नाव सांगितलं, पिजन रिव्हर. म्हणजे पारव्याची नदी. मी म्हणाले, बघ, शकुन. असा माझा शकुन.

मोटेल साधंच होतं. खोलीत मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रीज होता, तेवढं आधी विचारून घ्या, बाकी काही लागत नाही. संध्याकाळी इरा आली, गळ्यात पडली. तिच्या कपड्यांना पपईचा वास येत होता. "दिवसभर फळं कापते, आजी. हे पक्षी दाणे खात नाहीत, फक्त फळं." मी म्हणाले, म्हणजे बारा महिने उपास. तिला उपास म्हणजे काय ते सांगावं लागलं. मग साबुदाणा आठवला, मग ती म्हणाली उपासाला तर तू सगळ्यांत जास्त खातेस.

शनिवारी सकाळी बाग उघडायच्या आत तिनं आम्हाला मागच्या दारानं नेलं. घरच्यांना तसं नेता येतं, तिनं मोठ्या बाईंना विचारलं होतं. मोठ्या बाई म्हणजे डॉना. साठीच्या, केस बारीक कापलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. इंग्रजी मला येत नाही, पण मला त्या आवडल्या.

तुम्ही कुठल्या पक्ष्यांच्या घरात गेलात तर एक लक्षात ठेवा. आत गेल्या गेल्या चष्म्यावर वाफ धरते. मी दोन मिनिटं आंधळी. पुसून लावला आणि समोर फांदीवर ते बसलेलं. काय सांगू. अंग पोपटी, कपाळावर जांभळट गुलाबी टिळा, जसं कुणी कुंकवाचं बोट उमटवलंय. मान राखाडी, पोटाशी वांग्याच्या रंगाचा डाग, त्याच्याखाली हळद. आमच्या गावी, पारनेरकडे, शाळेमागच्या उंबरावर हरोळ्या यायच्या. त्याही हिरव्या, उंबराच्या पानांत दिसायच्या नाहीत, नुसती उंबरं टपटप पडायची. मास्तर म्हणायचे बाहेर बघू नका, आणि मी चार वर्षं बाहेरच बघितलं. हे पाखरू म्हणजे त्या हरोळीची नटलेली बहीण. मी तिला हरोळीच म्हणणार.

"हात लावायचा नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं," इरानं ओठांवर बोट ठेवून सांगितलं. संजय आणि मेघना मोठ्या काचेच्या पलीकडेच थांबले. मला तिनं आतल्या खोलीत नेलं. कुंडीतल्या झाडाआड खांद्याएवढ्या उंचीवर एक जाळीची टोपली, त्यात घरटं, त्यावर नर बसलेला. दिवसा नर बसतो म्हणे, रात्री मादी. मला फार बरं वाटलं ते. आम्ही बघत असतानाच तो उठला, वरच्या फांदीवर गेला, घरटं उघडं राहिलं. तेवढ्यात इराच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला. ती कुजबुजली, "आजी, दोन मिनिटं. Don't move, okay?" आणि बाहेर गेली.

मी मान पुढे करून घरटं बघितलं. घरटं कसलं, सहा-सात काड्या. आडव्या-उभ्या टाकलेल्या. खालून उजेड दिसत होता, आणि त्यावर ते एकुलतं एक अंडं. चिमणीसुद्धा कापूस आणते, चिंधी आणते. मला वाटलं, परक्या मुलखात आणून ठेवलेली ही पोर, पहिलटकरीण, हिला कुणी काही शिकवलेलं नाही. इरा झाली तेव्हा मी तिच्यासाठी जुन्या पातळांची सात दुपटी शिवून आणली होती. इथे आल्यावर सुनेनं दुकानातली जाड ब्लँकेटं दाखवली, तरी पोर माझ्या दुपट्यातच झोपायची.

माझ्या पदराशी पिशवी होतीच. मी तीन बोटांत मावेल एवढा कापूस काढला, मऊ पिंजला आणि काड्यांच्या फटीत, अंड्याच्या बाजूनं, हळूच सारला. अंड्याला लागला नाही हात. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं. मला तर वाटलं, चांगलं काहीतरी केलं. इरा आली तेव्हा मी हात बांधून उभी होते, तिनं सांगितलं तशी.

आम्ही पुढे हत्ती बघितले, दशम्या खाल्ल्या. तिकीट माणशी पंचवीस-तीस डॉलरच्या घरात असतं, आम्हाला इरामुळे पडलं नाही. चालणं फार आहे, माझ्यासारख्यांनी दाराशीच चाकाची खुर्ची मागून घ्यावी, लाजू नये.

दुपारी इरा आम्हाला शोधत आली. चेहरा पांढरा. बाप आणि आई आईस्क्रीमच्या रांगेत होते. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती.

"आजी, ते दोघं सकाळपासून घरट्यावर बसलेच नाहीत. अंडं थंड झालंय. उबवायच्या मशीनमध्ये ठेवलंय, पण..." मग थांबून म्हणाली, "तू घरट्याजवळ काही केलंस का?"

"नाही गं," मी म्हणाले. "मी कशाला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "ठीक आहे," म्हणाली आणि उठून गेली. मूठ तशीच मिटलेली.

माणसाला वाटतं, सत्तरी उलटली, आता आपण कुणाशी खोटं कशाला बोलू. तोंडातून इतक्या सहज आलं ते की मला स्वतःलाच ऐकू आल्यावर कळलं.

रविवारी परत निघालो. इरा निरोपाला आली नाही, काम आहे म्हणाली. घळीत गाडी हळू झाली, संजय म्हणाला, "आई, तुझी नदी." मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. मांडीवर कापसाची पिशवी तशीच बांधलेली. हात लावला नाही. तो साप तिकडे बेटावर बाहेरून शिरला होता, आणि इथे मी.

सोमवारी सकाळी इराचा फोन आला, अंडं गेलं. आणि दुपारी कुसुमताई आल्या, बॅगा उतरत होत्या. हो, बॅगा सोमवारपर्यंत गाडीतच होत्या, रविवारी मलाच काही सुचत नव्हतं आणि संजयला आळस, सोमवारी तो घरूनच काम करतो. तेव्हा मी चहा करून जे सांगितलं ते वर लिहिलंच आहे.

पुढचे दोन आठवडे वातींची पिशवी देव्हाऱ्याखाली पडून होती. मेघनानं विचारलं, "आई, वाती?" मी म्हणाले, बोटं दुखतात. इरा दर रविवारी फोन करायची तशी करत होती. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. घरट्याचं नाव नाही. दुसऱ्या रविवारी तिचा आवाज अगदीच बसलेला होता. मी खोदून विचारलं.

"आजी, डॉना म्हणते ही जोडी जमणारी नाही. नराला दुसऱ्या बागेत पाठवणार, हिला दुसरा आणणार. पुढच्या आठवड्यात गाडी येईल."

"का?"

"कारण ते अंडं सोडून उठले. का उठले ते कुणालाच माहीत नाही. घरट्याच्या नोंदवहीत मी तेच लिहिलंय. Cause unknown."

मी खुर्चीत बसले. सहा-सात काड्यांचा संसार, आणि तो माझ्या तोंडच्या एका 'नाही गं'नं मोडायला निघाला होता.

"इरा, मी कापूस घातला होता," मी म्हणाले.

पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"I know, आजी."

"कसं?"

"कापसात एक फुलवात होती. अर्धी वळलेली. अशी शेंडी अमेरिकेत कोण वळतं?" ती हसायला गेली आणि रडली. "मी मुठीत तीच घेऊन आले होते तुझ्यासमोर. मला वाटलं, तू सांगशील."

"मग डॉनाबाईंना का नाही सांगितलंस?"

"तुला त्या रागावल्या असत्या. आणि मला सगळ्यांनी विचारलं असतं, एकटीला आत का सोडलं. म्हणून मी पण खोटं बोलले. मग रोज वाटायचं उद्या सांगते, उद्या सांगते."

बघा. माझ्यापर्यंतच राहिलं असतं तर राहिलं असतं, पण मी माझ्या पोरीलाही त्यात ओढलं. तिच्या नोकरीसाठी वाती वळत होते मी.

त्याच दिवशी मी मेघनाला समोर बसवलं. संजय म्हणाला, "आई, इराला सांगू दे ना, तू कशाला?" मी म्हणाले, नाही. डॉनाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. इरा त्यांच्या शेजारी उभी होती. मी मराठीत सांगितलं, मेघनानं इंग्रजीत केलं. कापूस कसा घातला, विचारल्यावर नाही कसं म्हणाले. एका ठिकाणी मेघना जरा मऊ करून सांगत होती, मला तेवढं कळतं, मी तिला म्हणाले, तसं नको, मी खोटं बोलले असंच म्हण.

डॉनाबाई रागावल्या नाहीत, तेही बरं नाही वाटलं. त्यांनी सांगितलं ते मेघनानं मला शब्दाशब्दानं सांगितलं. या पक्ष्यांना विरळ घरटंच लागतं, गरम मुलखात वारा खालून यावा लागतो. कापसाचे धागे पिल्लाच्या पायाला अडकले तर पाय तुटतो. दोन आठवडे त्यांनी फळं बदलली, दिवे बदलले, जोडीला दोष दिला. आता नर जाणार नाही. आणि इरानं वहीत खोटं लिहिलं म्हणून हा उन्हाळाभर घरट्याची खोली तिच्याकडे नाही. नोकरीचं पुढे बघू.

इरानं मान हलवली. मी हात जोडले. डॉनाबाईंनीही जोडले, कसे जोडतात ते माहीत नसताना.

मग त्यांनी इराकडे ती फुलवात मागितली. वहीच्या त्या पानावर, खोडलेल्या ओळीशेजारी, चिकटपट्टीनं लावली आणि खाली कारण लिहिलं. इरानं मला फोटो पाठवलाय. मी तो रोज बघते. तुम्ही त्या बागेत गेलात तर वही तुम्हाला दाखवणार नाहीत, पण ती तिथे आहे.

या मंगळवारी मी दोघींना बोलावून हे सगळं सांगितलं. कुसुमताई एकदम उसळल्या. "अहो, मी अ‍ॅशबर्नला काय सांगून बसले! बहीण म्हणेल कुसुम थापा मारते!"

"थापा मी मारल्या. नंबर द्या, मीच फोन करते."

"नको, लिहा तुमच्या त्या ब्लॉगावर. ती वाचते." मग जरा वेळानं, खाली बघत, "चहा तरी करा. आणि वाती का बंद पाडल्यात?"

"कुठल्या तोंडानं वळू?"

"हातानं वळायच्या असतात," नलिनीताई म्हणाल्या.

काल पिशवी उघडली. इराचा फोन आला होता. नर पुन्हा काड्या आणतोय, ती खोलीबाहेरून काचेतून बघते, फळं अजून तीच कापते. "किती काड्या झाल्या?" मी विचारलं. "चार." "पुष्कळ झाल्या," मी म्हणाले. मला फार काही म्हणायचं होतं.

घरी आल्यावर त्या प्रवासातलं काय राहिलं असं कुणी विचारलं तर तो गुलाबी टिळा राहिला, आणि इराची मिटलेली मूठ राहिली. दिवाळीला वाती लावीन तेव्हा नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवच लावणार आहे. एक तिकडे आहे, ती भरून काढायची नाही.

संकल्प माझ्या हातचा, म्हणून वळायला कुणाला देता येत नाही. पण कापूस पिंजून दिलेला चालतो असं नलिनीताईंचं म्हणणं. दोघी गुरुवारी येतो म्हणाल्यात, चार वाजता.